ट्रिपल ॲक्सलच्या अलीकडची वर्षं

अमेरिकेत मुलग्यांच्या फिगर स्केटिंगची सुरुवात फसवी असते. रिंकवर मुलींची झुंबड आणि मुलगे दोन-तीन. ज्युवेनाइल, इंटरमीडिएट अशा खालच्या गटांत कधीकधी स्पर्धक जेमतेम तीन-चारच, त्यामुळे सिंगल ॲक्सल ही उडी आणि एखाददुसरी डबल (हवेत दोन फेऱ्यांची) उडी जमली की गळ्यात पदक पडतं. मिशिगनमध्ये मी असाच वर आलो, ज्युनियरपर्यंत स्पर्धा केल्या आणि आता शिकवतो. मंडळाच्या गणपतीत कुणी आईबाबा भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "आमचा ऑलिंपिकला जाईल का रे?" पोरगं असतं आठ वर्षांचं!

त्या वयात पदकं मोजू नका, एज म्हणजे ब्लेडची कड बघा. ब्लेडच्या तळाला लांबीभर खोबण असते आणि तिच्या दोन्ही अंगांना आतली व बाहेरची अशा दोन कडा. लुट्झची उडी बाहेरच्या कडेवरून घ्यायची, फ्लिपची आतल्या. बरीच मुलं लुट्झला शेवटच्या क्षणी पाय आत कलंडवतात. लहानपणी ते खपून जातं. पुढे तांत्रिक पॅनेल व्हिडिओ मागे-पुढे करून बघतं, तेव्हा गुण कापले जातात, आणि मुरलेली सवय मोडायला पहिल्यांदा शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून कोच निवडताना तो नुसत्या उड्याच शिकवतो की स्केटिंग स्किल्सलाही वेळ देतो, ते आधी बघा.

खरी भिंत म्हणजे ट्रिपल ॲक्सल. सहा उड्यांपैकी ही एकटीच पुढे तोंड करून घेतात आणि उतरतात मात्र पाठमोरं, म्हणून तीनऐवजी साडेतीन फेऱ्या, त्याही पाऊण सेकंदाच्या आत. सिनियर पुरुषांच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये (स्पर्धेतल्या दोन सादरीकरणांपैकी छोट्यात) ॲक्सल सक्तीची असते, डबल किंवा ट्रिपल. डबलचे मूळ गुण ३.३, ट्रिपलचे ८.०. एवढी तफावत दुसरीकडे कुठून भरून काढणार? त्यात ही उडी शिकायचं वय आणि उंची झपाट्यानं वाढण्याचं वय नेमकं एकच. काल जमलेली ट्रिपल आज जमत नाही, कारण हातापायांची लांबीच बदललेली असते. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुलांनी याच काळात बूट काढून ठेवले. तेव्हा उड्यांची संख्या कमी करून स्पिन आणि फूटवर्क वाढवावं, असं माझं मत आहे. घोटा किंवा पाठ सतत दुखत असेल तर 'वाढीचं वय आहे' म्हणून सोडून देऊ नका. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणानं हाडाला पडणाऱ्या बारीक चिरा, अशीच सुरू होतात.

क्वाडचं, म्हणजे हवेत चार फेऱ्यांच्या उडीचं, वेड आता दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही लागलंय. अमेरिकेच्या इलिया मालिनिननं २०२२ साली लेक प्लॅसिडला क्वाड ॲक्सल मारली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, मग वेड लागणारच. पण हिशेब मांडून बघा. क्वाड टो लूपचे मूळ गुण ९.५. फेऱ्या पूर्ण झाल्या पण उतरताना पडलात, तर दर्जापोटी मूळ गुणांतले निम्मे जातात, वर पडल्याचा एक गुण कापतात. हातात उरले ३.७५. स्वच्छ ट्रिपल टो लूपला मुळातच ४.२ मिळतात.

खर्चाचं आधीच बोलून घ्या. धड्याचे पैसे मिनिटांवर, बर्फाचे वेगळे, कोरिओग्राफीचे वेगळे, आणि कोच स्पर्धेला आला की त्याचा प्रवासखर्च त्याच्या विद्यार्थ्यांत वाटला जातो. वाढत्या वयात बूट फाटण्याआधी लहान होतात. तरीही महागडे, कडक बूट हौसेनं लवकर घेऊ नका. हलक्या मुलाचा घोटा त्यात वाकतच नाही.

भारताकडून खेळायचं डोक्यात असेल तर कागदपत्रं लवकर बघा. ऑलिंपिकला नागरिकत्व लागतं, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या) कार्डावर भागत नाही.

शाळा सोडून होम-स्कूलिंग करावं का, यावर रिंकच्या कट्ट्यावर दोन तट पडतात. सकाळचं रिकामं बर्फ मिळतं, हे खरं. पण अमेरिकेचा स्केटर नेथन चेन येल विद्यापीठात शिकता शिकता विश्वविजेता झाला आणि २०२२ मध्ये बीजिंगला सुवर्ण घेऊन परत वर्गात जाऊन बसला. सगळ्यांना ते झेपणार नाही. मला झेपलं नसतं. तरी शाळा हातची सोडू नये, या तटात मी आहे, कारण बहुतेकांची स्पर्धेतली वर्षं पंचविशीच्या आतच संपतात. नंतर बर्फावरचे शो असतात, शिकवणं असतं, काहीजण तांत्रिक पॅनेलवर जातात.

आणि चाचण्या अर्धवट ठेवू नका. यूएस फिगर स्केटिंग या अमेरिकेतल्या संघटनेची सर्वांत वरची चाचणी पास झाली की 'गोल्ड मेडलिस्ट' म्हणवून घेता येतं, त्यासाठी एकही स्पर्धा जिंकावी लागत नाही. कॉलेजच्या अर्जात ते लिहिता येतं, शिकवणीचं काम मागतानाही उपयोगी पडतं. ट्रिपल ॲक्सल आली नाही तरी ही चाचणी देता येते.