ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजार, दुखापत किंवा अपंगत्व असूनही रोजची कामे करता यावीत यासाठीची उपचारपद्धती. तिच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज भरायला बसण्यापूर्वी शिष्यवृत्ती नेमकी कोणासाठी आहे हे नियमावलीत शांतपणे वाचावे. काही शिष्यवृत्त्या गुणवत्तेवर, काही आर्थिक गरजेवर, तर काही बालविकास किंवा मानसिक आरोग्य अशा एखाद्या शाखेत काम करू इच्छिणाऱ्यांनाच मिळतात. निकषात न बसणाऱ्या दहा अर्जांपेक्षा नीट बसणारे दोन अर्ज केव्हाही बरे.

खरी कसोटी निवेदनात, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा आहे हे सांगणाऱ्या अर्जासोबतच्या लेखात लागते. ‘मला लोकांची सेवा करायची आहे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असते, त्यामुळे ते परीक्षकांच्या लक्षात राहत नाही. त्याऐवजी क्लिनिकल प्रशिक्षणातला एकच प्रसंग बारकाईने लिहावा: पक्षाघातानंतर उजवा हात निकामी झालेल्या रुग्णाला एका हाताने शर्टाची बटणे लावता यावीत म्हणून आपण बटण-हूक (काजातून बटण ओढून घेण्याचे मुठीचे साधन) का निवडला, पहिल्या प्रयत्नात काय फसले आणि मग पद्धत कशी बदलली. अर्थात रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील त्यात येऊ देऊ नये.

जागतिक ऑक्युपेशनल थेरपी महासंघाच्या किमान निकषांनुसार शिक्षणक्रमात १,००० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण अपेक्षित असते. त्यातील आपल्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवल्यास ऐनवेळी धावपळ होत नाही.

शिफारसपत्र मोठ्या पदावरील व्यक्तीपेक्षा आपले काम जवळून पाहिलेल्या पर्यवेक्षकाकडून घ्यावे, आणि त्यासाठी त्यांना निदान महिनाभर आधी विनंती करून सोबत निवेदनाचा मसुदाही द्यावा.