हँडब्रेकचे झिजलेले शू घरी बदलताना

हँडब्रेक दहा-बारा खाचा वर ओढला तरी चढावर गाडी मागे सरकते, तेव्हा बहुतेक जण केबलचा नट आवळून मोकळे होतात. चार दिवस बरं वाटतं. पण केबल अशी ताणून ठेवली की शूमागचा (शू म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक धरणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) लिव्हर कायम थोडा ओढलेलाच राहतो आणि मग चाकातलं सेटिंग काही केल्या जमत नाही. म्हणून कामाला सुरुवात चाकापासून करायची आणि केबलला हात शेवटी लावायचा.

इथे सांगितलंय ते मागे डिस्क ब्रेक असलेल्या, आणि डिस्कच्या मधल्या फुगवट्यात हँडब्रेकसाठी छोटा ड्रम असलेल्या गाड्यांबद्दल. हे शू उभी गाडी धरून ठेवतात, त्यामुळे एरवी ते फारसे झिजत नाहीत. लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, 1 मिमीपर्यंत उतरला असेल, तर गाडी हँडब्रेक लावलेलाच ठेवून चालवली गेली आहे किंवा केबल गंजून अडकली आहे. लायनर पत्र्यापासून सुटून आला असेल तर तो गंजाचा प्रताप. केबल अडकतच असेल तर ती आधी बदला, नाहीतर नवे शूही जळतील.

गाडी सपाट, टणक जागेवर घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागच्या चाकांचे नट जमिनीवरच ढिले करा, मग गाडी उचलून स्टँडवर ठेवा आणि मागची चाकं काढा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नका. हँडब्रेक सोडा, केबलचा ॲडजस्टिंग नट पूर्ण ढिला करा. मागच्या चाकांवर चालणारी गाडी न्यूट्रलला ठेवा, नाहीतर डिस्क फिरणार नाही. हँडब्रेक बटणाचा असेल, तर तो सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय काहीच उघडू नका.

कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) ब्रॅकेटसकट काढून तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, त्याचं वजन येता कामा नये. आता डिस्क, आणि घोडं अडतं ते इथेच. ड्रमच्या आतल्या काठाला झिजून कडा आलेली असते, तिला शू अडकतात. अशा वेळी हातोडा घालत बसलात तर शूच्या पिना वाकतात. डिस्कच्या तोंडावरचं रबरी बूच काढा, भोकातून स्क्रूड्रायव्हरने स्टार व्हील (शू आत-बाहेर करणारं दातेरी चाक) फिरवून शू आत घ्या. ढिलं करायची दिशा डाव्या-उजव्या चाकाला वेगळी असू शकते. एका दिशेने डिस्क घट्ट होऊ लागली तर उलट फिरवा. डिस्क हबला गंजाने चिकटली असेल तर बऱ्याच डिस्कवर आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत बहुधा M8 बोल्ट लागतात. ते आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क आपोआप बाहेर येते.

आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा. मग फोटो काढा. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे दुसरी नमुन्याला राहते.

वरच्या रिटर्न स्प्रिंग आधी काढा. मग शू धरणाऱ्या स्प्रिंगच्या वाट्या पक्कडीने दाबून पाव वळसा फिरवल्या की पिनेवरून सुटतात. मागून पिन बोटाने दाबून धरावी लागते. चष्मा घाला, या स्प्रिंग डोळ्याकडेच उडतात. केबलचा लिव्हर मागच्या शूला क्लिपने जोडलेला असेल तर तो नव्या शूवर चढवा, क्लिप नवी वापरा.

बॅकिंग प्लेटवर (शूमागचा पत्रा) शू जिथे टेकतात ते उंचवटे घासून चकचकीत करा आणि त्यांवर उष्णता सोसणारं ब्रेक ग्रीस अगदी पातळ लावा. लायनरला ग्रीसचा डाग लागला तर तो शू बाद समजा. ॲडजस्टरच्या (स्टार व्हील असलेल्या तुकड्याच्या) आट्या साफ करून, ग्रीस लावून तो पूर्ण आखूड करा. डाव्या-उजव्याची अदलाबदल नको, आट्या उलट असू शकतात.

डिस्क चढवून दोन नटांनी घट्ट बसवा. स्टार व्हील फिरवून डिस्क पूर्ण जाम करा, मग ती मोकळी फिरेपर्यंत मागे घ्या. काही गाड्यांत हे 8 दात असतं, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. हलकी घासण चालेल, ओढ नको. दोन्ही बाजू झाल्यावरच केबल आवळा: हातातला हँडब्रेकचा लिव्हर साधारण 5 ते 8 खाचांत घट्ट व्हावा आणि सोडल्यावर दोन्ही चाकं हाताने सहज फिरावीत. कॅलिपर आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने मॅन्युअलप्रमाणे आवळा, आणि रस्त्यावर जाण्याआधी ब्रेकचं पेडल दाबून कडक लागतंय ना, ते पाहा.

नवे शू लगेच पूर्ण पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर 50 किमी वेगाला, लिव्हरचं बटण दाबूनच ठेवून हँडब्रेक हलका ओढा आणि सुमारे 400 मीटर चालवा. डिस्क थंड होऊ द्या, मग असंच अजून एक-दोनदा. नंतर हँडब्रेक न वापरता थोडं फिरून या आणि दोन्ही मागच्या चाकांजवळ हात न टेकवता नेऊन पाहा. एकच बाजू जास्त तापली असेल तर त्या बाजूचं स्टार व्हील दोन दात मागे घ्या.