देणगीदाराच्या भेटीआधी इंग्रजी विभागप्रमुखाने करावयाची तयारी

विभागप्रमुखपदाची सूत्रे हाती आली की देणगीदारांची नावे काढण्याची घाई होते, परंतु त्याआधी विभागाला पैसा नेमका कशासाठी हवा आहे, हे सहकाऱ्यांसोबत बसून लिहून काढावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात, त्यामुळे एम.ए.च्या वर्गात जुन्नर किंवा अकोले तालुक्यातून आलेली, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलेही बसतात. त्यांची खोलीभाड्याची, खाणावळीची, पुस्तकांची आणि नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या तयारीची अडचण आकड्यांत मांडावी. ‘इंग्रजी विभागाला देणगी कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे सर्वांत खरे उत्तर हीच मुले आहेत, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर जुन्या ठेवींची फाईल काढावी. एखाद्या कुटुंबाने आईच्या किंवा गुरुजींच्या स्मरणार्थ पूर्वी ५,००० रुपये ठेवून पारितोषिक सुरू केलेले असते. आज ७ टक्के दराने त्याचे वर्षाला ३५० रुपये येतात आणि तेवढ्यात एक चांगला शब्दकोशही मिळत नाही. अशा कुटुंबांना शोधून, त्यांच्या भावनेचा मान राखून, ठेव वाढवण्याची विनंती करावी. नवीन ठेव स्वीकारताना गणित आधीच समोर ठेवावे: वर्षाला ३५,००० रुपयांची शिष्यवृत्ती द्यायची असेल तर याच दराने ५ लाख रुपये लागतात, आणि थोडे व्याज दरवर्षी मुदलात मिळवले नाही तर महागाई ती शिष्यवृत्ती हळूहळू खाऊन टाकते. निवडीचे निकष, नाव आणि योग्य उमेदवार न मिळाल्यास रकमेचे काय करायचे, हे करारपत्रात स्पष्ट असावे.

विभागप्रमुखाने स्वतःच्या अधिकारात देणगीचा शब्द देऊ नये. विद्यापीठाच्या वतीने ती स्वीकारण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेचा आहे. करसवलतीबाबत वित्त व लेखा विभागाकडून लेखी माहिती घ्यावी. देणगीवरची आयकर वजावट २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला ती मुळीच नसते. हे आपणहून सांगावे. परदेशातील माजी विद्यार्थ्याचे नागरिकत्व आधी विचारावे, कारण भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, ठरत नाही, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मात्र ठरते आणि तिला २०१० चा विदेशी अंशदान (विनियमन) कायदा लागू होतो.

कंपन्यांकडे जायचे असल्यास त्यांचे अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी जावे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि त्या कामांत शिक्षण येते. त्यांच्यासाठी दोन पानांचे टिपण पुरे.

भेटीला जाताना एखादा माजी विद्यार्थी सोबत असावा. आपण कमी बोलावे, त्या विद्यार्थ्याला बोलू द्यावे.

देणगी मिळाल्यावर पावती आठवड्याच्या आत पोहोचवावी आणि वर्षाअखेरीस शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीचे किंवा मुलाचे हस्ताक्षरातील पत्र, त्यांच्या संमतीने, देणगीदाराला पाठवावे. ते इंग्रजीत असो वा मराठीत. विभागप्रमुखपद फिरते असते, म्हणून करारपत्रे, ठेवपावत्यांच्या मुदती आणि देणगीदारांचे पत्ते यांची एकच फाईल ठेवून ती पुढच्या प्रमुखाकडे समक्ष सोपवावी.