शॅम्पेन: किती मोठी बाटली घ्यावी, कशी उघडावी
फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातील या वाइनची नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते आणि तिच्यात १२५ मिलिलिटरचे सहा पेले भरतात. बारा पाहुण्यांसाठी दोन बाटल्यांऐवजी दीड लिटरची एक मॅग्नम घेणे अधिक चांगले, कारण तिच्यात वाइनच्या मानाने हवेचे प्रमाण कमी राहते आणि वाइन सावकाश मुरते. तीन लिटरची जेरोबोम आणि तिच्याहून मोठ्या, बायबलमधील नावे धारण करणाऱ्या बाटल्या मात्र मुख्यतः मिरवण्यासाठीच असतात.

बाटली अर्धे बर्फ व अर्धे पाणी असलेल्या बादलीत अर्धा तास ठेवून ८ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावी. नुसत्या बर्फात ती इतक्या लवकर थंड होत नाही. आतला दाब मोटारीच्या टायरमधील दाबाच्या दुपटीहून अधिक असल्याने, तारेची जाळी सैल करताना अंगठा बुचावरून हलवू नये आणि बाटली माणसांपासून दूर तिरपी धरून, बूच घट्ट पकडून, बाटलीच हळूहळू फिरवावी. मोठा आवाज चित्रपटात शोभतो. घरी हलका सुस्कारा पुरेसा आहे. नाशिकच्या फसफसत्या वाइनला शॅम्पेन म्हणता येत नसले, तरी ती उघडण्याची रीत हीच.