पुढचा शॉकअप गळतोय? सील बदलण्याआधी पाईप बघा

पावसाळा सरत आला की मुंबईतल्या गॅरेजांत पुढचा शॉकअप गळत असलेल्या बाईकची रांग लागते. सगळे खड्ड्यांना शिव्या घालतात. पण चिखलही तितकाच गुन्हेगार असतो. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, चकचकीत पाईपवर उडालेला चिखल तिथेच वाळतो, पाईप खालीवर होताना त्याचे कण ऑइल सीलच्या, म्हणजे तेल आत अडवणाऱ्या रबरी कडीच्या, कडेखाली शिरतात आणि तेलाला वाट मिळते. त्यात आपली खारी हवा. गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर पाईपला गंजाचे ठिपके पडतात आणि तेच ठिपके नवं सीलही कापतात. म्हणूनच नुसतं सील बदललं की महिन्याभरात पुन्हा तेच.

पाईप कोरड्या फडक्याने पुसा, पुढचा ब्रेक दाबून हँडल पाच-सहा वेळा खाली दाबा. हलका ओशटपणा चालतो. तेलाची ठळक रिंग उमटली किंवा ओघळ आला तर गळती आहे. ओघळ डिस्कपर्यंत पोचला असेल तर गाडी चालवूच नका. डिस्क ब्रेक क्लीनरने साफ करता येते, पण तेल प्यायलेले ब्रेक पॅड बदलावेच लागतात.

आता फुकटचा उपाय. ऑइल सीलच्या वरचं, धूळ अडवणारं डस्ट सील कापड गुंडाळलेल्या स्क्रू ड्रायव्हरने हळूच वर सरकवा. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून तिच्या टोकाला हुकासारखा छोटा आकडा करा, ती ऑइल सील आणि पाईपच्या मधे घालून पाईपभोवती फिरवा आणि बाहेर ओढा. काळी घाण निघेल. कण अडकल्यामुळेच गळत असेल तर एवढ्यावर थांबतं.

नाही थांबलं तर पाईपवरून नख फिरवा, विशेषतः सील जिथे घासतं त्या पट्ट्यात. बारीक टोक नखाला लागत असेल तर २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने ते उतरवा. क्रोमलाच खड्डे पडले असतील तर पाईप बदला. इथे कंजुषी करू नका. गाडी कुठे आपटली असेल तर पाईप वाकलेला नाही ना, तेही बघून घ्या.

सील बदलायला मेन स्टँड आणि इंजिनखाली भक्कम लाकडी ठोकळा लागतो. पुढचं चाक हवेत हवं. पाईप गाडीवरच घट्ट असताना वरचा क्लँप बोल्ट सैल करा आणि पाईपचं टोपण जरासं ढिलं करून ठेवा. मग चाक आणि मडगार्ड काढा. कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) दोरीने बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर, म्हणजे नळीवर, लटकू देऊ नका. फोर्कच्या तळाचा एलन बोल्ट आत स्प्रिंग असतानाच सैल करावा, नाहीतर आतला दांडा नुसता गोल फिरत राहतो. टोपण उघडताना तोंड बाजूला ठेवा, खाली स्प्रिंगचा दाब असतो. तेल डब्यात काढून गॅरेजवाल्याला द्या, सोसायटीच्या गटारात ओतू नका.

सर्क्लिप (सील जागेवर धरणारी तारेची कडी) काढून जुनं सील बाहेर घ्या. नव्या सीलला फोर्क ऑइल लावा, पाईपच्या टोकावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून ते सरकवा आणि वर जुनं सील ठेवून चहूबाजूंनी सारखं ठोका. तळाच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा घ्या. फोर्कच्या दोन्ही पायांत, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंत, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं आणि मापाचंच तेल घाला, सीलंही दोन्ही बाजूंची बदला. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात, पण जुन्या सीलचा मापाचा नंबर जवळ ठेवा. मागचा शॉकअप गळत असेल तर साध्या गाड्यांत जोडीच बदलतात. गॅसचा असेल तर तो घरी उघडायचाच नाही.

गळती थांबली की आरामाकडे वळा. आधी टायरची हवा: गाडी थंड असताना, स्टिकरवर असेल तेवढी. धक्के बसतात म्हणून कित्येक जण शॉकअपला दोष देतात आणि टायर मात्र दगडासारखा फुगलेला असतो.

मग पूर्ण लांबलेला फोर्क मोजा, तुम्ही बसल्यावर पुन्हा मोजा. हा फरक फोर्कच्या चालीच्या, म्हणजे तो जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्या अंतराच्या, साधारण पाव ते एक तृतीयांश असावा, म्हणजे १२० मिलिमीटर चालीला ३० ते ४०. मागेही हाच हिशेब. तिथे स्प्रिंगला दाबून धरणारी खाचांची रिंग सी पान्याने (सी आकाराच्या पान्याने) फिरवता येते. दोन शॉकअप असतील तर दोन्हींची खाच सारखी ठेवा. रिंग घट्ट केल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. डबल सीट जाणार असाल तर एखादी खाच वाढवा, एकटे असाल तर परत उतरवा.

फोर्कमध्ये जाड तेल घालायचा सल्ला हमखास मिळतो. तो मुंबईत मला पटत नाही. वेग कमी करायला रस्त्यावर आडव्या टाकलेल्या पिवळ्या-पांढऱ्या रंबलर पट्ट्यांवर एकामागून एक दणके येतात. जाड तेलाने फोर्क दोन पट्ट्यांमधे पुरता वर येतच नाही, दबलेलाच राहतो आणि पुढचा धक्का थेट मनगटात जातो. मात्र हँडल दाबून सोडल्यावर पुढचं टोक एकदा वर येऊन स्थिरावण्याऐवजी डुलत राहिलं, तर आतलं तेल थकलेलं आहे. ते त्याच ग्रेडचं बदला आणि मगच बाकीच्या सेटिंगला हात लावा.