वाडीची नळयोजना चालवायची तर शेवटच्या नळापासून सुरुवात करा

आमच्या वाडीची नळयोजना मी नऊ वर्षं बघतोय, देवगड तालुक्यात, खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला विहीर, वर सड्यावर (कातळाच्या माळावर) 20,000 लिटरची टाकी आणि मधल्या उतारावर पसरलेली 64 घरं, त्यातली सात घरं तर व्हाळाच्या पलीकडे समोरच्या चढावर. कोकणात बहुतेक गावांची योजना थोड्याफार फरकाने अशीच असते म्हणून लिहितोय, नवीन समितीवर आला असाल किंवा पाणी सोडायचं काम नव्याने अंगावर आलं असेल तर कामाला येईल.

पहिली सवय ही लावून घ्या की टाकी भरली का हे बघण्याआधी शेवटच्या घरी जाऊन यायचं. टाकी भरली याचा अर्थ पंप चालला एवढाच, पाणी पोचलं असा नाही. आमचं शेवटचं घर त्या पलीकडच्या चढावर आहे, तिथे एक आजी एकट्या राहतात, आणि त्यांचा फोन आला की "अरे पाणी इला नाय हां अजून" की मला टाकीकडे न बघताच कळतं की मधे कुठेतरी काहीतरी बिघडलंय. आठवड्यातून एकदा तिथे 15 लिटरची बादली लावा आणि मोबाईलवर वेळ बघा. बादली दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला साडेसात लिटर पाणी येतंय. जलजीवन मिशनच्या हिशोबाने माणशी रोज 55 लिटर, म्हणजे पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे त्या नळाला कमीत कमी 37 मिनिटं पाणी मिळायला हवं. तुम्ही अर्धाच तास सोडत असाल तर ते घर रोज उपाशी राहतंय आणि वरच्या घरांना ते कळतसुद्धा नाही. हा बादलीचा आकडा दर वेळी वहीत लिहा, आकडा हळूहळू पडत गेला की लिकेज, अर्धवट मिटलेला व्हॉल्व किंवा लाइनमधे साचलेला गाळ यातलं काहीतरी आहे.

आता प्रेशरचं. कोकणात पाणी खाली आपोआप जातं म्हणून लोकांना वाटतं ग्रॅव्हिटीची योजना सोपी, पण खरी कटकट इथेच आहे. उंचीत 10 मीटरचा फरक म्हणजे साधारण 1 किलो प्रेशर. सड्यावरची टाकी आणि व्हाळाजवळचं सगळ्यात खालचं घर यात आमच्याकडे 55 मीटरचा फरक आहे, म्हणजे सगळे नळ बंद असताना खालच्या पाइपवर साडेपाच किलो प्रेशर बसतं, आणि ठेकेदाराने तिथे 4 किलोचा पीव्हीसी पाइप टाकून ठेवला होता, पहिली दोन वर्षं आम्ही नुसते जॉइंट चिकटवत होतो. पाइपवर क्लास, म्हणजे तो किती किलो प्रेशर सोसेल ते, छापलेला असतो, तो खड्डा बुजवायच्या आधी स्वतः वाचा, बिलावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. खूप उतार असेल तर मधे एक छोटी टाकी बांधून प्रेशर तोडावं लागतं, तिला बीपीटी म्हणतात. तेवढा निधी नसेल तर वरची आळी आणि खालची आळी वेगळ्या व्हॉल्ववर घ्या आणि वेगवेगळ्या वेळेला पाणी सोडा, आम्ही हेच केलं आणि चढावरच्या सात घरांना तिसरी वेळ दिली. ही वाटणी करताना वाडीची बैठक घ्या, सगळ्यांच्या समोर वेळा ठरवा आणि देवळात फळ्यावर लिहून लावा, नाहीतर पाणी सोडणाऱ्या माणसावर रोज बोलणी बसतात आणि ते बरोबर नाही.

व्हॉल्व सावकाश उघडा आणि त्याहून सावकाश बंद करा. घाईत चाक फिरवलं की धावतं पाणी एकदम अडतं, त्याचा धक्का मागे पाइपला बसतो आणि सगळ्यात कच्चा जॉइंट सुटतो. रिकामी लाइन भरताना तर अजून जपून, कारण आत हवा असते आणि ती चढाच्या माथ्यावर अडकते, मग खाली पाणी आणि पुढच्या चढावर नुसती फुसफुस. अशा उंचवट्यावर एअर व्हॉल्व हवाच, आणि तो असून भागत नाही, दोन महिन्यांनी उघडून आतला बॉल मोकळा हलतोय का बघायचा. पाणी बंद केल्यावर लाइन रिकामी होते तेव्हा हाच एअर व्हॉल्व आत हवा घेतो. तो जाम असेल तर लाइन जिथे फट मिळेल तिथून ओढते, आणि ती फट गटाराजवळ असेल तर गटाराचं पाणी ओढते. नळाला थेट टुल्लू पंप लावणाऱ्यांमुळेही हेच होतं. म्हणून मोटार लावणं हा नुसता शेजाऱ्याचं पाणी पळवायचा प्रश्न नाही, सगळ्या वाडीला जुलाब लागायचा प्रश्न आहे, हे लोकांना असं सांगितलं की पटतं. सगळ्यात खालच्या जागी वॉशआउट, म्हणजे लाइनमधला गाळ बाहेर काढायचा व्हॉल्व असतो, तो महिन्यातून एकदा उघडा, पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा.

लिकेज शोधायची आमची पद्धत सांगतो. रात्री टाकी भरून घ्यायची, वाडीच्या ग्रुपवर सगळ्यांना नळ बंद ठेवायला सांगायचं, मेन व्हॉल्व उघडा ठेवायचा आणि टाकीतली पातळी काठीने मोजायची, परत पहाटे मोजायची. आमच्या टाकीचा तळ 4 बाय 3 मीटर, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की 120 लिटर गेले. एकदा 11 ते 5 मधे 9 सेंटीमीटर उतरली, 1,080 लिटर, जवळजवळ वीस माणसांचं एका दिवसाचं पाणी. मग एकेक आळीचा व्हॉल्व बंद करून पुढच्या रात्री तेच करायचं, कुठली आळी गळतेय ते तीन-चार रात्रींत कळतं. आणि फेब्रुवारी-मार्चमधे सड्यावर लाइनीच्या कडेने नुसतं चालत जा, सगळं गवत वाळून पिवळं झालेलं असतं आणि मधेच एखादा हिरवा पट्टा दिसला की तिथेच खणा.

सड्यावरून आठवलं, कातळात चर मारणं महाग पडतं म्हणून आपल्याकडे पाइप बऱ्याच ठिकाणी उघडाच असतो. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो ते एक, पण मोठी भीती वणव्याची. गवत पेटलं की एका दुपारी शंभर-दोनशे फूट लाइन वितळून जाते, आणि ती नेमकी पाणी कमी असतानाच्या दिवसांत. उघडा भाग जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा) करा, नाही जमलं तर दोन्ही बाजूंचं चार-चार फूट गवत डिसेंबर-जानेवारीतच कापून टाका, हे काम आम्ही वाडीच्या श्रमदानात करतो, एका सकाळचं काम आहे. जीआयलाही खारा वारा खातो, तेव्हा समुद्राच्या बाजूला असाल तर नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि व्हॉल्वच्या स्पिंडलला पावसाआधी आणि पावसानंतर ग्रीस लावा.

क्लोरीन. यात हयगय नको, पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि कावीळ याच वाटेने येतात. चांगल्या टीसीएलमधे, म्हणजे ब्लीचिंग पावडरमधे, साधारण 33 टक्के क्लोरीन असतं आणि 1,000 लिटरला 5 ग्रॅम हा हिशोब, आमच्या टाकीला 100 ग्रॅम. विहिरीचं पाणी मोजायचं तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 0.785, सगळं मीटरमधे, येतील ते घनमीटर, एक घनमीटर म्हणजे 1,000 लिटर. 5 मीटर व्यासाच्या विहिरीत 2 मीटर पाणी असेल तर 39,000 लिटरच्या वर, म्हणजे जवळपास 200 ग्रॅम. पावडर प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच टाकीत ओता, नाकाला रुमाल आणि हातात मोजे हवेतच. टाकून लगेच पाणी सोडू नका, निदान अर्धा तास थांबा.

आपल्या हवेत पावडर फार लवकर मरते. पोतं एकदा उघडलं आणि जुलैची ओल लागली की वास आणि ताकद दोन्ही जातं, मग तुम्ही हिशोबाने 100 ग्रॅम टाकता आणि पाण्यात काहीच उतरत नाही. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, थोडी थोडी आणा, आणि कृपा करून पंपघरात स्टार्टरच्या शेजारी ठेवू नका, त्या वाफेने तांब्याचे कॉन्टॅक्ट गंजून जातात, आमचा एक पॅनल असाच गेला. म्हणून वजनावर विश्वास न ठेवता ओटी टेस्ट करायची, म्हणजे छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, आणि परत तेच, शेवटच्या नळावर. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगाच्या पट्टीशी लगेच जुळवा, लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या खाली नको. त्या नळीतलं पाणी प्यायचं नाही, फेकून द्यायचं. टाकीजवळ रंग येतो आणि शेवटच्या घरी येत नाही तर मधे घाण शिरतेय असं समजा, ती जागा सापडेपर्यंत लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा. महिन्यातून एकदा एचटूएसची बाटली (पाण्यातले जंतू तपासायची) भरून ठेवा, एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं की ते पिण्याजोगं नाही.

पहिल्या पावसात व्हाळाकाठच्या विहिरी गढूळ होतात आणि गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. त्या आठवड्यात पंप जरा उशिरा चालवा, गाळ बसू द्या, आणि लोकांना तुरटी फिरवून, गाळून, उकळून घ्यायला सांगा. विहिरीचा कठडा उंच आणि भोवतीचा ओटा न फुटलेला असला की अर्धा गढूळपणा तसाही येत नाही.

एप्रिल-मेमधे उलटी गोष्ट. जांभा दगड पाणी जेवढं झटकन पितो तेवढंच झटकन सोडूनही देतो, चार महिने धो धो पाऊस पडून मे महिन्यात विहिरीला तळ दिसतो. दोरीला खुणा करून पंपाच्या आधी आणि नंतर पातळी मोजा, परत भरायला किती तास लागतात ते बघा आणि पंप तेवढ्या हप्त्यांनी चालवा, आम्ही मे महिन्यात 40 मिनिटं चालवून तीन तास थांबतो. एकदम उपसलं तर पंप कोरडा चालून जळतो, म्हणून ड्राय रन प्रिव्हेंटर बसवून घ्या, मोटार रिवाइंड करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. खाडीजवळच्या विहिरींना तर अजून जपा, जास्त उपसलं की खारं पाणी आत सरकतं आणि एकदा पाणी मचूळ लागायला लागलं की नुसतं थांबून ते लवकर गोडं होत नाही. पंप रोज किती अँपिअर घेतो ते वहीत लिहा, आकडा वाढला तर बेअरिंग किंवा व्होल्टेज तपासा. पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा मेन स्विच पाडून घरी या, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मेमधे पाणी घाला.

टाकी आम्ही तीन महिन्यांनी धुतो, दोन माणसं, एक आत आणि एक कायम वर, झाकण उघडून आधी हवा खेळू द्यायची, ब्रश मारायचा, साबण नाही, शेवटी टीसीएलच्या पाण्याने भिंती धुऊन ते पाणी वॉशआउटने काढून टाकायचं. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का बघा, पाली तिथूनच आत जातात.

यातली एक धुणी गणपतीच्या पंधरा दिवस आधी येईल अशी ठेवा. चाकरमानी आले की आमच्या वाडीत माणसं दुपटीने होतात, विहिरीला पाणी भरपूर असतं पण लाइट जाते. त्यामुळे चतुर्थीच्या आदल्या रात्री टाकी काठोकाठ भरून ठेवतो, दोन कपलर, सोल्युशनचा डबा आणि हॅकसॉ पिशवीत घालून दाराला अडकवतो, आणि सकाळी पाचला पहिलं पाणी पलीकडच्या चढावर सोडतो, आजींकडून पाणी आल्याचा फोन आला की मग बाकीचे व्हॉल्व उघडतो.