आयथ्रीच्या पट्टीतले पळपुटे आयकॉन

वर्गात प्रोजेक्टर जोडला की माझ्या लॅपटॉपवरचे ट्रेमधले (पट्टीतल्या आयकॉनच्या कोपऱ्यातले) वायफाय, ब्लूटूथ आणि आवाजाचे आयकॉन उठून थेट भिंतीवर जाऊन बसायचे. स्लाइड भिंतीवर, टिपणं माझ्यासमोर अशी मांडणी. मी रिग्रेशन शिकवतेय आणि मागच्या बाकावरून आवाज, "मॅडम, तुमचं वायफाय तुटलंय." माझ्या स्क्रीनवर ट्रेची जागा रिकामी!

आयथ्री, म्हणजे लिनक्सवर खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते, म्हणून नीट सांगते. (नावं इथे देवनागरीत लिहिलीत, फाइलमध्ये अर्थातच रोमन: आज्ञा छोट्या अक्षरांत, स्क्रीनचं नाव दिसेल तसंच.)

आयथ्रीची पट्टी, म्हणजे आयथ्रीबार, ट्रे एकाच स्क्रीनवर दाखवते. काही सांगितलं नाही तर कुठल्या ते तीच ठरवते. मी काहीच सांगितलं नव्हतं. आधी टर्मिनलमध्ये 'एक्सरँडआर' ही जोडलेल्या स्क्रीन दाखवणारी आज्ञा चालवून आपल्या स्क्रीनचं नाव बघा. लॅपटॉपची बहुधा ईडीपी-१ असते, काहींची नुसती ईडीपी. मग होम फोल्डरातल्या डॉट-कॉन्फिगमध्ये आयथ्रीची कॉन्फिग फाइल उघडा आणि 'बार'च्या महिरपी कंसात 'ट्रे_आउटपुट' लिहून पुढे ते नाव द्या. असे ट्रे_आउटपुट एकाखाली एक अनेक लिहिता येतात. यादीतली जी स्क्रीन आधी हजर सापडेल तिथे ट्रे जातो. झाकण बंद करून बाहेरच्या मॉनिटरवर काम करणाऱ्यांनी दोन्ही नावं लिहावीत, नाहीतर ट्रेला बसायला जागाच उरत नाही. फाइल जतन करून मॉड (आयथ्रीसाठी नेमलेली कळ, बहुधा विंडोज किंवा ऑल्ट), शिफ्ट आणि आर दाबा. खिडक्या जागच्या जागी राहतात, आयथ्री नव्याने सुरू होतं.

आता आयकॉन आणायचे कसे. त्याच फाइलमध्ये, 'बार'च्या कंसाबाहेर, एक ओळ: 'एक्झेक', मग '--नो-स्टार्टअप-आयडी', मग प्रोग्रॅमचं नाव, उदाहरणार्थ वायफायचा आयकॉन आणणारं एनएम-ॲप्लेट. मधला तुकडा आळसाने गाळू नका, नाहीतर कर्सर मिनिटभर घड्याळ होऊन बसतो. आणि 'एक्झेक_ऑलवेज' नको. ते दर रीस्टार्टला पुन्हा चालतं. काही प्रोग्रॅम दुसऱ्यांदा सुरू व्हायला नकार देतात, काही निमूटपणे आणखी एक आयकॉन आणून ठेवतात. एका सकाळी माझ्या पट्टीत आवाजाचे चार कर्णे होते.

एवढं करूनही ट्रे रिकामाच असेल तर पॉलीबार किंवा स्टॅलोनट्रे असा स्वतःचा ट्रे मांडणारा दुसरा प्रोग्रॅम सोबत चालू आहे का बघा. एक्सच्या (आयथ्री ज्यावर चालतं त्या स्क्रीन-यंत्रणेच्या) एका सत्रात ट्रेचा मालक एकच असतो. पॉलीबारचा ट्रे हवा असेल तर आयथ्रीबारला 'ट्रे_आउटपुट नन' सांगून मोकळे व्हा.

एखादाच आयकॉन रुसला असेल तर गोष्ट वेगळी. जुने प्रोग्रॅम एक्सएम्बेड पद्धतीने ट्रेमध्ये शिरतात. काही नवे फक्त डी-बसवरून (प्रोग्रॅमांच्या आपसातल्या निरोपांच्या वाटेवरून) स्टेटसनोटिफायरआयटम पाठवतात, आणि ते आयथ्रीबारला कळत नाही. दोघांमध्ये दुभाषा म्हणून 'स्निक्सएम्बेड' बसवा. कॉन्फिगमध्ये तो त्या प्रोग्रॅमच्या आधी सुरू करा. (आयथ्रीसारख्याच, पण एक्सऐवजी वेलँडवर चालणाऱ्या स्वेवर असाल तर उलट: तिथली पट्टी नवी पद्धतच जाणते, म्हणून एनएम-ॲप्लेटला '--इंडिकेटर' जोडावं लागतं.)

बॅटरीचा आयकॉन मी काढून टाकला. आयथ्रीस्टेटस तोच आकडा शेजारी मजकुरात छापतं, मग दोनदा कशाला? आवाज तर मी कळांनीच कमीजास्त करते, त्यामुळे तो कर्णाही गेला. एनएम-ॲप्लेट ठेवलंय, ते फक्त नव्या जागी वायफायचा पासवर्ड विचारायला. ब्लूटूथचं अजून ठरत नाहीये.

उरलेले दोघेही वर्गात नको असतील तर 'बार'च्या कंसात 'मोड हाइड' लिहा. पट्टी लपते, मॉड४, म्हणजे विंडोज कळ, दाबून धरली की तेवढ्यापुरती वर येते.